उत्तरांच्या चार पट्ट्या

२४ ऑगस्ट, रविवार

आनेली,

तुझं निळं जॅकेट सापडलं. सरपणाच्या खोलीत तुझ्या आईच्या रेनकोटाखाली लटकत होतं. चेन उजव्या बाजूला जरा अडखळते, मेणबत्ती घासली की चालेल. पाठवू की ठेवू? बर्गनला पाऊस फार असतो म्हणतात, आणि तू जहाजाच्या स्वयंपाकघरातून घामाघूम होऊन तशीच डेकवर जात असशील, म्हणून विचारतो. दोन वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस. जॅकेटापुरतं तरी दे.

तुझी लेक बरी आहे. तूवा तुला फोनवर सगळं सांगत असेलच, मी वेगळं काय लिहायचं? पण ती सगळं सांगत नसेल असंही वाटतं. एकोणीस ऑक्टोबरला तिची विद्यापीठ प्रवेशाची चाचणी आहे. शाळेचे गुण तर तुला माहीत आहेत. आजीची वाचा गेली त्या वर्षी ही पोरगी शाळेपेक्षा दवाखान्यात जास्त होती, त्यामुळे त्या दारातून आत जाणं जमायचं नाही. ही चाचणी म्हणजे दुसरं दार. तिला उमेओला जाऊन वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवायची विद्या घ्यायची आहे. गेल्या वर्षी तिथे १.२५ ला प्रवेश थांबला. पूर्ण गुण २.०, एवढे कुणालाच मिळत नाहीत.

उन्हाळ्यात तिने जुन्या चाचण्या घरी सोडवल्या आणि स्वतःच तपासल्या. एकदा १.३०, एकदा १.३५. आता सप्टेंबरपासून दर शनिवारी एक सोडवायची असं ठरलंय, आणि तपासणी मी करणार. तिचा वेळ वाचेल. "आजोबा, जमेल ना तुम्हाला?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, बाई गं, मी एकेचाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत फळ्यांच्या प्रती ठरवल्या. चार सेकंदांत एक फळी, पहिली प्रत ते सहावी, आणि माझा खडूचा शिक्का कुणी फिरवला नाही. काळ्या गोलाशेजारी काळा गोल आहे की नाही एवढं तर दिसेल.

नदीवर सकाळी धुकं असतं. चूल धूर नीट वर ओढत नाही, चिमणीत पक्ष्याचं घरटं असेल का अशी शंका येते.

रूने (बाबा)


७ सप्टेंबर, रविवार

आनेली,

जॅकेटाचं तू कळवलं नाहीस.

एक विचारतो, राग मानू नकोस. शुक्रवारी तू तूवाला फोन केला होतास का? केला असशील तर काय बोललीस? कारण शनिवारी ती घसरली. थोडीथोडकी नाही. ०.७५. मी दोनदा बेरीज केली. उन्हाळ्यात १.३५ आणि आता हे. शिकलेलं असं एका रात्रीत कुठे जातं का?

मी तिला फक्त बेरीज सांगितली. कागद दिले नाहीत. तुझ्या आईच्या टेबलक्लॉथच्या खणात खाली ठेवलेत. ती म्हणाली, "आजोबा, पेपर दाखवा तरी. कुठे चुकले ते बघू दे." मी म्हटलं, "चुका बघत बसलीस की त्याच डोक्यात घर करतात." हे चूक केलं का? प्रश्नांच्या चार गठ्ठ्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्यात इतक्या चुका होत्या की ते बघून तिचा धीरच सुटला असता. चाळिसात नऊ. आंधळ्यानेही गोल रंगवले तरी एवढे जमतात.

माझी पद्धत चांगली आहे, त्यात शंका नको. उत्तरांचा कागद ग्रंथालयातून छापून आणला. भला मोठा कागद, चार उभे रकाने, डोळे फिरतात. म्हणून मी तो कात्रीने चार पट्ट्यांत कापला, वरचा मजकूर काढून टाकला, पट्ट्यांवर एक ते चार आकडे घातले आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवल्या. तिच्या उत्तराशेजारी पट्टी ठेवायची, वरून खाली यायचं. गिरणीत मापाची काठी होती तसंच. आता दर आठवड्याला असंच करणार.

सोमवारपासून एल्क हरणांची शिकार सुरू होते. तूवाला जंगलाकडे फिरायला जाऊ नकोस म्हटलं तर हसली. निदान हसली.

रूने


२१ सप्टेंबर, रविवार

आनेली,

हे पत्र नीट वाच, मग टाकून दिलंस तरी चालेल.

तेरा तारखेला ०.७०. काल ०.५५. आता ती पेपर मागतही नाही. सकाळी खुर्चीवर बसते, कॉफी गार होते, पावावर साखरेचा थर तसाच. पाव म्हणजे माहीत आहे ना, वेलचीचे गोड, तुझ्या आईच्या पद्धतीचे. ते मी भाजायला शिकलो. पहिले करपले, आता बरे होतात.

मला वाटलं पोरीला या छळातून सोडवावं. म्हणून मी शब्द टाकला. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बेरित आहे, तुझ्याच वर्गात होती. ती म्हणाली, कायमची जागा होईल, नोव्हेंबरपासून. मी जेवताना तूवाला म्हटलं, "चाचणीला नाही बसलीस तरी जग बुडत नाही. बेरित घेते म्हणते."

ती ताटाकडे बघून म्हणाली, "बरं."

नुसतं "बरं". मला तो आवाज ओळखीचा वाटला. कुणाचा आवाज ते मी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट. ही चाचणी घेणारे लोकच धड नाहीत, याचा पुरावा माझ्याकडे आहे. शब्दांच्या भागात एक प्रश्न आहे. करवतलेल्या फळीच्या कडेला जी साल राहते तिला आपण काय म्हणतो, ते नाव दिलंय आणि अर्थ विचारलाय. तूवाने बरोबर खूण केली आहे. लहानपणी गिरणीच्या अंगणात माझ्यामागे फिरताना तो शब्द ती शिकली, तिला तो तिच्या नावासारखा माहीत आहे. आणि त्यांच्या उत्तरात काय? दुसराच पर्याय! साल म्हणजे त्यांच्या मते जमिनीचा उतार! एकेचाळीस वर्षं मी ती साल बघून फळीची प्रत उतरवली आणि शहरातले साहेब मला शिकवणार. मी स्टॉकहोमच्या कार्यालयाला कडक पत्र लिहायला घेतलंय. भाषा जरा ओबडधोबड झाली, मी सात इयत्तांचा माणूस. शेश्टिनला तपासायला देणार आहे. आपली शेजारीण, मास्तरीण होती, अजूनही लाल पेन घेऊनच फिरते.

तू तूवाशी बोल. माझं नाव घेऊ नकोस. किंवा घे. काय बरोबर ते मला कळेनासं झालंय.

रूने


१ ऑक्टोबर, बुधवार

आनेली,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जे होईल ते होवो.

शनिवारी तूवा सराव चाचणीला बसलीच नाही. रविवारी दुपारी स्टॉकहोमला पाठवायचं पत्र घेऊन शेश्टिनकडे गेलो. ती वाचता वाचता हसायला लागली. चष्मा काढून डोळे पुसले.

"रूने, चाचणी मंडळाची दहा-दहा माणसं एका प्रश्नापायी डोकेफोड करतात. त्यांना साल आणि उतार कळत नाही असं तुला वाटतं?"

"कागदावर आहे ते आहे."

"मग कागद आण."

मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि तूवाचा पेपर नेला. तिने तिसरी पट्टी उलटीपालटी केली.

"हिचं डोकं कुठाय?"

"कसलं डोकं?"

"वर लिहिलेलं असतं, कुठल्या गठ्ठ्याची ते. तू सगळ्यांची मुंडकी उडवलीस की रे! आणि ही तर गणिताची पट्टी आहे. गणितात चार-पाच पर्याय, शब्दांतही चार-पाच पर्याय, म्हणून तुला फरक कळला नाही."

आनेली, गोष्ट एवढीशी आहे. प्रश्नांचे चार गठ्ठे असतात, आणि ते येतात भाषा, गणित, भाषा, गणित असे. उत्तरांच्या मोठ्या कागदावर मात्र भाषेचे दोन रकाने आधी आणि गणिताचे दोन नंतर. मी डावीकडून उजवीकडे कापलं आणि एक-दोन-तीन-चार आकडे घातले. पहिली पट्टी बरोबर, चौथी बरोबर. मधल्या दोन एकमेकींच्या जागी. दर शनिवारी मी नव्या चाचणीचा नवा कागद कापला आणि दर वेळी त्याच क्रमाने, मोठ्या टापटिपीने, तीच चूक केली.

मी घरी आलो आणि तूवाला सांगितलं नाही. रविवार संध्याकाळ गेली, सोमवार गेला. मी स्वतःला समजावत होतो की आधी नीट तपासून मगच सांगू. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. मंगळवारी ती बेरितकडे अर्ज द्यायला जायचं म्हणून बूट घालत होती, तेव्हा मी दारात उभा राहिलो.

"जाऊ नकोस."

"का? तुम्हीच तर म्हणालात."

मी टेबलक्लॉथचा खण उघडला आणि सगळे कागद तिच्यापुढे ठेवले. सांगितलं. बूट पायात घालूनच ती खुर्चीवर बसली आणि पट्ट्या बघत राहिली. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे मी आरशात बघून म्हणत होते, तू मठ्ठ आहेस, उन्हाळ्यात नशीब होतं, आता खरं काय ते दिसलं. आणि तुम्ही पेपर लपवले."

"तुला त्रास होऊ नये म्हणून."

"त्रास! आजोबा, तुम्ही मला बघितलंत का एकदा तरी? नुसता आकडा बघितलात."

मग तिने स्वतः तपासायला घेतलं. सहा सप्टेंबरचा पेपर: १.३०. माझ्या हिशेबाने पाऊण आणि तिचे खरे १.३०. मला हायसं वाटलं, पण ते तिथेच संपलं. पुढच्या शनिवारचा १.१५. त्यापुढचा १.००. म्हणजे पहिली घसरण माझ्या कात्रीची होती, पण पुढच्या दोन खऱ्या होत्या. आपण चुकतोय असं वाटल्यामुळे ती प्रत्येक उत्तर पुन्हा पुन्हा तपासायला लागली होती. वेळ पुरेना. शेवटच्या गठ्ठ्यात अकरा प्रश्न कोरे सोडलेले. या चाचणीत चुकलं तर गुण कापत नाहीत, कोरं सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तरी कोरे.

चांगली फळी आपण ओल्या जागी ठेवतो, ती वाकते आणि मग आपण म्हणतो, बघा, वाकडीच होती. मी हे तिला बोललो नाही. तुला लिहितो.

संध्याकाळी ती माझ्याशी बोलायला लागली. म्हणाली, "आता नियम. तपासणी माझी. तुम्ही फक्त घड्याळ धरायचं. पंचावन्न मिनिटं झाली की 'थांब' म्हणायचं. शेवटच्या पाच मिनिटांना 'भर' म्हणायचं, की मी राहिलेले सगळे गोल भरणार. आणि एका प्रश्नावर दुसऱ्यांदा गेले की टेबलावर टिचकी मारायची."

"टिचकी जमेल."

"आणि आजोबा, हे सगळं आईला लिहा."

"लिहिलंय तिला, तुझी घसरण वगैरे."

"माझी नाही. तुमची."

म्हणून लिहिलं.

रूने


१९ ऑक्टोबर, रविवार, सुंड्सवाल

आनेली,

गाडीत बसून लिहितो, अक्षर वाकडं येईल. तूवा सकाळी आत गेली. शाळेचं पटांगण गाड्यांनी भरलंय, सगळ्या गाड्यांत माझ्यासारखी माणसं थर्मास घेऊन बसलीत आणि एकमेकांकडे बघत नाहीत. एक बाई विणतेय. बहुतेक तोच मोजा उसवून पुन्हा विणतेय.

आम्ही पहाटे निघालो. रस्त्यावर दव गोठलेलं होतं. एल्क आडवा येईल म्हणून मी इतका सावकाश चालवत होतो की मागून दूधवाल्याचा ट्रक भोंगा वाजवायला लागला. तूवा म्हणाली, "आजोबा, असंच चाललो तर वसंतातल्या चाचणीला पोचू." मी तिच्याबरोबर चार पेन्सिली, दोन खोडरबर, उकडलेली अंडी, चीज लावलेला पाव आणि माशांच्या अंड्यांच्या कॅव्हिअरची ट्यूब दिली. ट्यूबचं झाकण घट्ट आहे का हे दोनदा बघितलं. उत्तरपत्रिकेवर सांडलं तर?

गेल्या तीन शनिवारांचे तिचे आकडे: १.०५, १.१५, १.२०. सगळे तिने स्वतः तपासलेले. मी टिचकी मारायचं काम केलं. पहिल्या शनिवारी एकोणीस टिचक्या, कालच्या शनिवारी चार. गुणांपेक्षा मला टिचक्यांचा आकडा जास्त आवडला.

गुरुवारी तुझं कार्ड आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर. समुद्रकाठाची रेघ तू पेनने काढली आहेस, खाडी न् खाडी, बेटं, आणि त्यात छोटी होडी. लहानपणी नदीची काढायचीस तशीच. खाली एकच ओळ: "बाबा, माझीही पट्टी चुकली होती का?"

कार्ड माझ्या कोटाच्या खिशात आहे. याचं उत्तर गाडीत बसून द्यायचं नाही असं मी ठरवलंय. पळवाट काढतोय असं तुला वाटेल. थोडी आहेच.

लिहिता लिहिता ती आली. मी पत्र सीटखाली सरकवलं, आता घरी येऊन पुढचं लिहितो. ती गाडीत बसली, बूट काढले, पाय डॅशबोर्डवर टाकले.

मी म्हटलं, "विचारू का?"

"विचारू नका, सांगते. पाच गठ्ठे असतात, त्यातला एक पुढच्या वर्षीचे प्रश्न पारखायला असतो, तो मोजत नाहीत. कुठला ते कुणालाच माहीत नसतं. दुसरा गठ्ठा माझा भयानक गेला. मग मी ठरवलं, हाच तो न मोजायचा. आणि पुढे गेले."

"आणि तो मोजायचा असला तर?"

"आजोबा!"

"बरं बरं."

"एकही कोरा सोडला नाही. डोक्यात तुमची टिचकी वाजत होती."

अंडी तशीच परत आणली होती. परतीच्या वाटेवर आम्ही दोघांनी खाल्ली.

रूने


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आनेली,

निकाल लागला. तूवाने तुला फोन केलाच असेल, पण माझ्या हाताने लिहायचं होतं: १.३०.

आकडा बघून ती नाचली नाही. शांतपणे खुर्चीवर बसली आणि वेलचीचा पाव खाल्ला, साखरेसकट. मग म्हणाली, "सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी पण एवढेच होते." मी म्हटलं हो. अर्ज सुरू झाले की ती लगेच करणार आहे, पुढच्या ऑगस्टची जागा. प्रवेश कुठे थांबेल कुणी सांगावं, पण १.२५ च्या वर ती आहे. आणि नाही जमलं तर वसंतात पुन्हा बसणार, जो आकडा मोठा तो धरतात. हे सगळं तिने मला असं सांगितलं जणू चिंता करणारा मीच आहे. आहेच.

बेरितला मी स्वतः जाऊन नाही म्हटलं. ती म्हणाली, "रूने, तुझी मुलगी शाळेत माझ्या नकाशाच्या वहीत नद्या काढून द्यायची, माहीत आहे? मला त्या कधी जमल्याच नाहीत." मला माहीत नव्हतं.

आता तुझ्या कार्डाचं.

तू सोळा वर्षांची होतीस. तुला नकाशे काढायचं शिकायचं होतं. त्या हिवाळ्यात गणिताच्या दोन चाचण्यांत तू पडलीस, त्याआधी कधी पडली नव्हतीस. का पडलीस ते मी विचारलं नाही. तुझी आई म्हणाली होती, "थांब जरा, पोरीला काहीतरी झालंय." मी थांबलो नाही. टेबलावर सगळ्यांसमोर म्हणालो की ही सहावी प्रत आहे, खोकी बनवायला चालेल, आणि स्वयंपाकाच्या शाखेच्या अर्जावर मीच सही केली. तू "बरं" म्हणालीस. तुझ्या त्या "बरं"वर मी खूश झालो होतो. समजूतदार पोरगी आहे म्हणून.

आणि दोन वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीनंतर कॉफीच्या वेळी पाहुण्यांना सांगितलं की स्वयंपाकात तरी हिचा हात बसला. ते मला कौतुक वाटलं होतं. तू हातातला ट्रे ठेवून निघून गेलीस, आणि मी शेश्टिनला म्हणालो, हिला काय झालं?

तर हो. चुकली होती. पट्टी माझी, कात्री माझी, आणि तुझ्या वेळी तर कुणी शेजारीण कागद मागायलाही नव्हती. फळीला मी चार सेकंद द्यायचो. तुला त्याहून जास्त दिले असं आता मला म्हणता येत नाही. तूवाचे कागद खणात होते म्हणून पुन्हा तपासता आले. तुझी वर्षं कुठल्या खणातून काढू?

माफी मागायला शब्द शोधले, शेश्टिनला विचारलेही. ती म्हणाली हे मी तपासून देणार नाही, जसं येईल तसं लिही. मला माफ कर, आनेली. एवढंच येतं.

जॅकेट पाठवत नाही. चेन दुरुस्त केली, मेणबत्ती घासली, आता सरकन चालते. दारामागच्या खुंटीवर टांगलंय. नाताळात जहाज बंद असतं का ते मला माहीत नाही. येणार असलीस तर बसथांब्यापासून आपल्या घरापर्यंत उतारावर बर्फ निसरडं असतं, वाळू टाकणारे वेळेवर येत नाहीत, म्हणून मी आत्तापासूनच दोन बादल्या वाळू भरून ठेवलीय. दुपारची बस तीन वीसला येते. मी तिथे उभा असेन. कुठल्या दिवशी ते कळव, नाही कळवलंस तर तेवीस तारखेपासून रोज जाईन.

बाबा